रुखमाबाईंचं गार मडकं

वेदिका हरदास नेमकं काय शिकते, हे तिच्या बाबांनाही धड सांगता येत नसे. लग्नाकार्यात कोणी विचारलंच तर मुकुंदराव म्हणायचे, आरोग्यातलं आहे पण डॉक्टरकी नाही, धंद्याचं आहे पण नफ्याचं नाही. आणि घाईघाईने पंगतीकडे वळायचे. बाबांचं सोडा, वेदिकाला तरी कुठे नीट ठाऊक होतं! जगभरच्या गरिबांच्या आरोग्यासाठी सामाजिक उद्योग कसा उभारायचा, हे ती परदेशात शिकत होती. शेवटच्या प्रकल्पासाठी ती ऐन मे महिन्यात नागपूरला, महाल भागातल्या घरी येऊन थडकली.

प्रकल्प होता मडक्याचा. एकात एक दोन मडकी, मधे ओली वाळू आणि आतल्या मडक्यात इन्सुलिनची बाटली. फ्रिज नसलेल्या घरातही औषध गार राहावं, ही कल्पना. चाचणी साधली तर एक संस्था हे मडकं गावोगावी पोचवायला तयार होती. नाही साधली तर सगळी मेहनत पाण्यात.

रामटेकजवळच्या एका गावात रुखमाबाई एकट्या राहायच्या, मुलगा कामाला खापरखेड्याला. त्यांची इन्सुलिनची बाटली शेजारच्या मिनलच्या फ्रिजमध्ये असायची. वेदिकाने ती मोठ्या उत्साहात उचलून आणली, मडक्यात ठेवली, आणि आता कोणाच्या उपकाराची गरज नाही असं सांगून फोटोबिटो काढून परतली.

काही आठवड्यांनी येऊन बघते तर मडकं थंडगार आणि रुखमाबाईंची साखर आभाळाला टेकलेली! पाय सुजलेले, उठता येईना. तरी मडक्याचं कौतुक चालूच. वेदिकाचं डोकंच चालेना. आधी तिने बिचाऱ्या आमरसावर संशय घेतला. मग वाळू तपासली, मग आपलीच अक्कल. शेवटी बाटली उजेडात धरली तर ती जवळजवळ भरलेली.

तिने विचारलं तशा रुखमाबाई पदराशी चाळा करत बसल्या.

"मले सुईवरच्या रेघा दिसत नाही पोरी," त्या हळूच म्हणाल्या. "मिनलच टोचून देत होती. बाटली तिच्या घरी होती तं जायाले कारण होतं. आता निस्त्या सुईसाठी रोज कोनाच्या दारात उभं राहाले लाज वाटते."

घ्या! औषध कुठे ठेवता, हे वेदिकाने दहादा विचारलं होतं. टोचतं कोण, हे एकदाही नाही. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

ती तरातरा मिनलकडे गेली. मिनल फुगूनच बसली होती. पाणी दिलं, पण बस म्हणाली नाही.

"काकूच्या गळ्यात माळ, आमच्या फ्रिजात मटण राहते," ती म्हणाली. "काकूनं एक शब्द न बोलता बाटली नेऊ देली, तं मले वाटलं, आता त्यायले आमचं चालत नसन. मंग मी काहून जाऊ?"

म्हणजे एकीला लाज, दुसरीला राग, आणि मधे हे दीडशहाणं मडकं. वेदिका रुखमाबाईंकडे परत गेली, बाटली आणून मिनलच्या फ्रिजमध्ये ठेवली आणि दोघींची मनापासून माफी मागितली. संध्याकाळी रुखमाबाई भिंतीला धरत धरत आल्या. मिनलने सुई भरली, टोचली, आणि चहा टाकता टाकता त्यांना असं काही झापलं की रुखमाबाईंच्या डोळ्यांतून पाणीच आलं. पण त्या हसत होत्या.

साखर हळूहळू उतरली. मडक्यात रुखमाबाई आता दही ठेवतात, आणि त्यातलं अर्धं मिनलकडे जातं.

वेदिका मात्र बावचळून गेली. मडकं चाललं की नाही चाललं? गार तर झालं होतं. मग संस्थेला सांगायचं काय? शेवटी तिच्या परदेशातल्या प्राध्यापकबाईंचा फोन आला. पेशंटची साखर उतरली का, असं त्यांनी विचारलं. वेदिका म्हणाली, उतरली. बाई खूश झाल्या. मडक्यामुळेच ना, म्हणाल्या.

'हो' एवढ्या एका शब्दाचं काम होतं.

"नाही," ती म्हणाली. "औषध मडक्यातून काढल्यावर."

फोन नीट ऐकू येत नसावा असं वाटून बाईंनी पुन्हा विचारलं. वेदिकाने पुन्हा तेच सांगितलं.