पाण्याची सुट्टी

पावसाळ्याचे चार महिने नवसूचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होई. घरात घड्याळ नव्हतं. कोंबडा आरवायच्या आधी डोळा उघडे, आणि एकदा उघडला की तो परत मिटत नसे. अंगावर प्लास्टिकचा कागद, खांद्यावर फावडं, हातात तीन सेलची बॅटरी, असा तो ओहोळाकडे निघे.

म्हशाहून आत येणारा रस्ता उंबरपाड्याच्या आधी ओहोळ ओलांडतो. तिथे पूल नव्हता, फरशी होती. फरशी म्हणजे ओहोळाच्या तळाशी टाकलेला काँक्रीटचा सपाट पट्टा. उन्हाळ्यात त्यावरून गाडी जाते, पावसाळ्यात पाणी.

नवसू बांधकाम खात्याच्या रस्त्यावर रोजंदारीने मैलकामगार होता. चार मैलांचा रस्ता त्याच्या ताब्यात. खड्डे भरायचे, चर मोकळे करायचे, कडेचं गवत कापायचं, आणि पावसात फरशीवर निशाण लावायचं. फरशीच्या तोंडाशी, गावाच्या बाजूला दगडी खांब होता. त्या खांबावर फरशीपासून बरोबर वीतभर उंचीवर नवसू दर मे महिन्यात चुन्याचा पट्टा ओढी. पाणी पट्ट्याला लागलं की उंच काठीवर लाल फडकं चढे. फडकं दिसलं की एसटी पलीकडच्या काठावरूनच मागे फिरे. एसटी फिरली की त्यातून येणाऱ्या शिक्षिका अनिताबाई फिरत, आणि बाई फिरल्या की शाळा बंद.

त्यामुळे जुलै महिन्यात उंबरपाड्यातल्या एकूणएक पोराचं लक्ष नवसूच्या काठीकडे असे. पावसाची रात्र गेली की सकाळी दहाबारा पोरं काठावर हजर.

"नवसूकाका, किती राह्यलं?" दीपेश विचारी. हा चौथीतला सगळ्यात उंच मुलगा, आणि सगळ्यात मागे बसणारा.

"दोन बोटं."

"दोनच? मंग लावा की."

"दोन बोटं म्हंजे दोन बोटं. तू गणितात दोन सोडून देतोस काय?"

"देतो. म्हणून तर बाई मारतात."

नवसूची मुलगी राही दीपेशच्याच वर्गात. तिचं दुखणं वेगळं. ती घरी येऊन आईला सांगे, "निशाण आपल्या घरचं, नि आपल्यालाच सुट्टी नाय."

"तुज्या बाला सांग," सकुबाई म्हणे. "माजं तरी कुठं ऐकतो तो."

नवसू कुणाचंच ऐकत नसे. पट्ट्याला पाणी लागलं नसताना निशाण लावणं म्हणजे त्याच्या मते न केलेल्या कामाची मजुरी घेणं. लागलं असताना न लावणं त्याहून वाईट. रोज पहाटे तो बॅटरीच्या उजेडात पट्टा बघे, मग फरशीवर उतरून पाणी पायाच्या कुठवर येतं तेही बघे. डोळा फसतो, पाय फसत नाही, हा त्याचा हिशेब.

उंबरपाड्याची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवी म्हशाला, जायला दीड तास, यायला दीड तास. मुलगे जात. मुलींना कुणी पाठवत नसे. मागच्या दोन वर्षांत चौथी पास झालेल्या नऊ मुली घरी होत्या. कुणी शेळ्यांमागे, कुणी धाकटं भावंड कडेवर घेऊन. राही यंदा चौथीत होती. नवसू स्वतः दुसरीपर्यंत शिकलेला. हजेरीवर सही करता येई, पण वरच्या साहेबाची चिठ्ठी आली की ती वाचायला दुसऱ्याकडे द्यावी लागे, आणि दुसरा ती आधी मनात वाचून हसे. राहीवर ती वेळ येऊ नये, एवढंच त्याला हवं होतं. गावाने पाचवीच्या वर्गासाठी दोन वेळा अर्ज केला होता. नवसू दोन्ही वेळा तालुक्याला, मुरबाडला गेला होता, दोन्ही वेळा एक दिवसाची मजुरी बुडवून.

१९९६ च्या जुलैत उत्तर आलं. शिक्षण खात्याचे साहेब बुधवारी येणार, मुलं मोजणार, शाळा बघणार, मग ठरवणार.

अनिताबाईंनी पोरांना बजावलं, पाढे पाठ करून या. एवढं पुरेसं होतं. दीपेशने बातमी आणली की साहेब एकोणीसचा पाढा विचारतो, आणि अडकला त्याला परत तिसरीत बसवतो. कुणी सांगितलं, ते त्याने सांगितलं नाही. पण सगळ्यांचा विश्वास बसला, कारण एकोणीसचा पाढा कुणालाच येत नव्हता.

मंगळवारी दिवसभर पाऊस झाला. बुधवारी पहाटे नवसू नेहमीच्या वेळी फरशीवर गेला. गावाकडच्या वरच्या वळणावर झाड आडवं झाल्याचा निरोप आदल्या संध्याकाळीच आला होता, आणि सातच्या एसटीआधी ते हटवायचं होतं. बॅटरी मारली. पाणी पांढऱ्या पट्ट्याला लागलेलं. त्याला वाईट वाटलं, आजच लागायचं होतं. पण लागलं ते लागलं. त्याने निशाण चढवलं आणि कुऱ्हाड घेऊन वळणाकडे गेला. झाडाच्या घाईत फरशीत पाय घातला नाही.

झाड तोडून, फांद्या ओढून बाजूला करून तो परत आला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. एसटी येऊन काठावरून परत गेली होती. पलीकडच्या चिखलात चाकांचा ताजा वळसा दिसत होता. नवसू पाय धुवायला फरशीवर उतरला, आणि तिथेच थांबला. पाणी घोट्यालाही लागत नव्हतं.

तो खांबापाशी गेला. पट्टा जागेवर होता, पण तो त्याचा नव्हता. त्याचा पट्टा दोरी लावून ओढलेला असे, हा वाकडातिकडा, खाली ओघळ आलेला. त्याने बोट लावलं, पांढरं बोटाला आलं. चुना नाही, खडू. भाताच्या पेजेत कुटलेला खडू. त्याच्या वरच्या बाजूला खांबावर चिखलाचा थर होता. तो हाताने पुसला तर त्याआड त्याचा स्वतःचा पट्टा, खडूच्या पट्ट्याहून आठ बोटं उंच, कोरडा.

शाळेच्या खडूंची पेटी ज्या मुलीच्या ताब्यात असे, ती त्याच्या घरात राहत होती.

राही मागच्या दारी चूल फुंकत होती. बापाचा चेहरा बघून तिने फुंकणं थांबवलं.

"खडू कोणी आणला?"

"मी."

"चिखल?"

"दीपेशनं." मग तिने भर घातली, "पेजपण मीच."

"का गो?"

"एकोणीसचा येत नाय."

सकुबाईने हातातलं लाकूड उचललं. नवसूने ते तिच्या हातातून काढून चुलीत सारलं. तो उंबऱ्यावर बसला. त्याला मुलीपेक्षा स्वतःचा राग जास्त आला होता. पाय घालून बघायचं काम होतं, आणि ते राहिलं होतं.

"माणूस पाचवी घेऊन आला होता," तो म्हणाला. "तुमी त्याला दारातून परत पाठवला. आता म्हशाला चहा पीत असंल."

राहीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग आता?"

"आता पोरं गोळा कर. शेतातली, घरातली, झाडावरची. एक पण कमी नको. मी माणूस आणतो."

म्हशाला पोचायला दीड तास लागतो. नवसू तासात गेला. साहेब आणि अनिताबाई स्टँडसमोरच्या हॉटेलात मुरबाडच्या गाडीची वाट बघत बसले होते.

"साहेब, पाणी नाय," नवसू दारातूनच म्हणाला.

"ओसरलं का?"

"नाय. नव्हतंच. निशाण चुकीचं लागलं. मी लावलं."

"तुम्ही कोण?"

"हे नवसू, फरशीवरचे," बाई म्हणाल्या. "साहेब, यांचं निशाण आजवर कधी चुकलं नाही."

"आज चुकलं," नवसू म्हणाला. "पाय घालून बघायचं होतं. बघितलं नाय."

साहेबांनी कपातला चहा संपवला. "आता तिकडे जायला गाडी?"

"चार वाजता. चालत दीड तास."

"तुम्ही किती वेळात आलात?"

"तासात. पण माजं काम होतं म्हणून."

साहेब बाईंकडे बघून हसले आणि पँटची टोकं दुमडू लागले. "माझंही कामच आहे."

फरशीवर त्यांनी बूट हातात घेतले आणि घोट्याइतक्या पाण्यातून अलीकडे आले. खांबापाशी येऊन थांबले. "हे दोन पट्टे कसले?"

"वरचा माजा."

"आणि खालचा?"

नवसूला खोटं बोलायचं नव्हतं, आणि पोरीचं नावही घ्यायचं नव्हतं. "खालचा सुट्टीचा," तो म्हणाला.

साहेबांनी पुन्हा एकदा दोन्ही पट्टे बघितले. मग बूट घालून शाळेकडे निघाले.

शाळेत एकतीसपैकी एकतीस पोरं बसली होती. निम्मी चिखलाने भरलेली, शेतातून तशीच उचलून आणलेली. एकाच्या खिशातला खेकडा जमिनीवर उतरून साहेबांच्या खुर्चीकडे चालला होता. म्हातारा बारकू आपला तीन वर्षांचा नातू घेऊन दारात उभा होता. "हा पुढचा माल, साहेब. धरा मोजणीत."

साहेबांनी मुलं मोजली, नातू सोडून. मग विचारलं, "फरशीवरचा खालचा पट्टा कुणी काढला?"

राही उभी राहिली. तिने शेजारच्या रांगेत दीपेशच्या पाठीत बोट खुपसलं, मग तोही उभा राहिला.

"एकोणीसचा पाढा म्हण," साहेब राहीला म्हणाले.

ती सुरू झाली. साताशी अडकली. खिडकीबाहेर बघत, बोटांवर मोजत तिने पुढचा आकडा ओढून काढला, मग त्याच्या पुढचा, आणि घाम पुसत एकशे नव्वदला पोचली.

"हे मोजून म्हटलंस, पाठ नाही," साहेब म्हणाले.

"होय."

"पाठ असलेला विसरतो. बस खाली."

दीपेशला त्यांनी विचारलं नाही. दीपेशने तो दिवस जन्मभर चांगला मानला.

मग साहेबांनी हजेरी उघडली आणि त्यांचा चेहरा बदलला. जून-जुलै मिळून अकरा दिवस शाळा बंद. सगळे पाण्याचे. "मुलं आहेत," ते दारात जमलेल्या गावकऱ्यांना म्हणाले. "पण पावसाळ्यात शाळाच भरत नसेल तर वर्ग देऊन काय उपयोग? बाई अलीकडच्या काठावर राहिल्या तर मी वर्गासाठी लिहितो."

"माझी ना नाही," अनिताबाई म्हणाल्या. "पण आतून कडी लागेल अशी खोली हवी. आणि संडास हवा. त्याशिवाय मी कशी राहू?"

उंबरपाड्यात संडास कुणाकडेच नव्हता. जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली, मग छपराकडे.

"मेपर्यंत करतो," नवसू म्हणाला.

घरी सकुबाईने विचारलं, "पैका कुठून आणणार?"

"हातातून."

भातकापणी संपल्यावर त्याने काम धरलं. आठ ते पाच रस्ता, आणि पहाटे साडेचार ते सात घर. घराच्या पूर्व बाजूला खोलीचा पाया खणला. काळा दगड ओहोळातून डोक्यावर आणला, दिवसाला बारा खेपा, तेरावी नाही. तेराव्या खेपेला माणूस दगड नीट उचलत नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड उभा केला, सकुबाईने तो दोन्ही बाजूंनी लिंपला. संडासाच्या खड्ड्याला तिसऱ्या हातावर खडक लागला. लोकांनी सांगितलं, तेवढ्यावर भागव. नवसूने भागवलं नाही. त्याला दीड पुरुष खोल खड्डा हवा होता. छिन्नी-हातोड्याने एकवीस सकाळी तो खडक फोडत होता. एक पहार वाकली, ती त्याने सरळ करून घेतली. शेवटच्या आठवड्यात दीपेशचा बाप लडकू न बोलावता आला आणि माती वर ओढू लागला. "पोराची फेड," एवढंच म्हणाला.

संडासाचं भांडं मुरबाडहून आणलं. पेंढ्यात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. गावात उतरून घरापर्यंत डोक्यावर. पोरं ते बघायला धावली. त्यांनी तसलं भांडं पाहिलं नव्हतं. बारकूनेही नव्हतं. त्याने वाकून त्यावरून हात फिरवला. "शेळ्यांना पाणी प्यायला झ्याक होईल रे."

"बाईंसमोर असं बोलू नको, काका," नवसू म्हणाला.

"बाईंची पण शेळी असली तर?"

जूनमध्ये पाचवीच्या वर्गाची मंजुरी आली, आणि अनिताबाई ट्रंक आणि स्टोव्ह घेऊन आल्या. कडी तीन वेळा लावून बघितली. मग खोलीच्या मागे जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "नवसूभाऊ, असं तर माझ्या घरीही नाही." नवसूने मान हलवली आणि छपराचा एक खिळा उगाच ठोकला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी खऱ्या पट्ट्याला लागलं. नवसूने पाय घालून बघितलं आणि निशाण चढवलं. काठावर पोरं नाचू लागली. तेवढ्यात गावातून घंटा ऐकू आली. बाई छत्री घेऊन शाळेच्या पायरीवर उभ्या होत्या.

"राही," दीपेश म्हणाला, "तुज्या बानं आमची सुट्टी खाल्ली."

"खाऊ दे. तुला तरी कुठं पचत होती."

दोघं चिखल तुडवत शाळेकडे गेली. पाचवीचा वर्ग व्हरांड्यात बसत होता. त्यात सतरा जण. नऊ मुली शेळ्या आणि भावंडं दुसऱ्याच्या ताब्यात देऊन परत आल्या होत्या. काही राहीपेक्षा डोक्याने उंच. नवसूची त्या वर्षाची मजुरी आठ पत्रे, एक सागाचं दार, एक कडी आणि एक पांढरं भांडं यांत गेली. उरलं त्यातून राहीला पाचवीची पुस्तकं आली, नवी, आणि कव्हर घालायला खाकी कागद.