हुजूर चार, बंदा सात

नांदेडात गोल्फ खेळलेला मराठी अहलकार, म्हणजे साधा कचेरीतला कारकून, तुम्ही पाहिला नसेल, तर आता पाहून घ्या. हसू नका. निजामी संपत आली होती तेव्हाची गोष्ट. गिरणीच्या मागे, गोदावरीकडे उतरणाऱ्या काळ्या रानात थोडे खड्डे खणले होते, त्याला मैदान म्हणायचं. हिरवळ कुठली? खड्ड्याभोवती तेल शिंपडून दाबलेली वाळू. चेंडू जमिनीच्या भेगेत गेला की एक टोला जास्तीचा धरून हाताने बाहेर काढायचा.

खेळणारे चौघे. तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे धनीच, गिरणीचे मॅनेजर, सरकारी दवाखान्याचे डॉक्टर, आणि पोलिसांचे मोठे साहेब. गावोगाव धामधूम सुरू झाली तसे पोलीससाहेब दौऱ्यावर अडकले, आणि चौथा गडी म्हणून कचेरीतून मला उचलून उभं केलं. तेही तालुकदारसाहेबांचा जोडीदार म्हणून!

खेळ सोपा. दोघांविरुद्ध दोघे. चेंडू खड्ड्यात घालायला ज्याला जितके टोले लागले, तो त्याचा आकडा. जोडीचे दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे, लहान आधी. चार आणि सात म्हणजे सत्तेचाळीस. समोरच्यांचे पाच आणि सहा म्हणजे छप्पन. ज्यांची रक्कम कमी ते जिंकले, आणि मधला फरक तितके गुण त्यांचे. एकाने बरा हात दाखवला की जोडीदाराचा घोळ मागे झाकला जातो, ही त्यातली मजा.

पण पहिल्याच दिवशी साहेबांना सात लागले, मला चार. मी माझे चार आधी उच्चारले. साहेबांनी असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पुढे चालून दिवाणखान्यात शिरलो होतो. कचेरीत हुजुरांच्या आधी अहलकाराचं नाव येत नसे, मग आकडा कसा येणार? तेव्हापासून आमच्या जोडीत साहेबांचा आकडा पहिला. सत्तेचाळीसचे सरळ चौऱ्याहत्तर! डॉक्टर तर तालुकदारसाहेबांच्याच हाताखालचे, ते कशाला बोलतील? मॅनेजर मिशीत हसत गुण घेत राहिले.

आणि मला तर जिंकायला हवं होतं. माझे थोरले भाऊ, आमचे दादा, मुखेडला मास्तर. शाळेच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने सरकारविरुद्ध दोन ओळी लिहिल्या. काम पोरांचं होतं. पोलीस पोरांच्या घरी जाऊ लागले तसे दादा चावडीवर गेले आणि म्हणाले, मी लिहिलं. ते नांदेडच्या हवालातीत, आणि वहिनी माझ्या घरी. शुक्रवारी, सुट्टीच्या खेळात जिंकलेले साहेब शनिवारी पुढ्यात येईल तो अर्ज मंजूर करतात, हे कचेरीतल्या शिपायालाही ठाऊक होतं. दादांच्या सुटकेचा अर्ज मी चळतीत सगळ्यात वर ठेवून आलो होतो.

त्या शुक्रवारी शेवटच्या खड्ड्यापर्यंत बरोबरी. समोरच्यांचे छप्पन झाले. साहेबांचा चेंडू भेगेत गेला, बाहेर आला, पुन्हा दुसऱ्या भेगेत गेला. सात. मला चार. म्हणजे पुन्हा चौऱ्याहत्तर, आणि दादा आत.

आकडे पुकारायचं काम माझं. मी टोपी सारखी केली, कमरेत वाकलो आणि दरबारी आवाजात म्हणालो, "हुजूर चार, बंदा सात."

मॅनेजरांना खोकला आला. डॉक्टर नदीकडे पाहू लागले. सत्तेचाळीस! अदब सांभाळून आम्ही जिंकलो होतो.

परतताना मोटारीत साहेबांनी मला शेजारी बसवलं. "सात तो हमारे थे. अपने सर क्यूँ लिये?"

इथे शहाण्याने गप्प बसावं. पण साहेब खुशीत होते, आणि ऐकणारा खुशीत असला की माझी जीभ आवरत नाही. "हमारे घर की आदत है, हुजूर."

साहेब मोठ्याने हसले, आणि मध्येच थांबले. "यानी मुखेड की दीवार भी..."

पोरांची घरं डोळ्यापुढे आली. कचेरीच्या फाटकाशी मोटार थांबली तेव्हा साहेब म्हणाले, "सबके सामने जो बोल दिया, वही सही. हमारे चार. और दीवार तुम्हारे भाई की."

शनिवारी अर्ज त्यांनी उचलला, वाचला आणि चळतीच्या तळाशी ठेवला.

घरी वहिनींना मी सगळा खेळ करून दाखवला, वाकून, टोपीसकट. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोरं सुटली."

"हाव."

"आन् हे न्हाई."

मी टोपी खुंटीला अडकवली.

"भावजी, सकाळी डबा द्यायला जाल तवा त्यांनाबी असंच करून दाखवा," त्या म्हणाल्या. "लई दिस हसले नसतील."

दाखवलं. दादा गजांमागे इतके हसले की पहारेकरी पाहायला आला. डोळे पुसून त्यांनी रिकामा डबा माझ्या हातात दिला.

"तिला म्हणावं, जोंधळे जास्तीचे दळून ठेव. मुक्काम वाढला."