ईनिडचं बुटकं बर्च

रॉडनी पेनला कायदा पाठ होता. ईनिडच्या झाडाबद्दल सांगताना आधी याचं नाव घ्यावं लागतंय, याचाच मला संताप येतो.

हॉलिन्स लेनमध्ये माझं घर सात नंबर, ईनिडचं नऊ आणि रॉडनीचं अकरा. ईनिड ऑलरनशॉच्या लोकरीच्या गिरणीत चाळीस वर्षं राबलेली, उंची जेमतेम चार फूट दहा इंच. नवरा वॉल्टर रोपवाटिकेत होता. निवृत्त झाला त्या वर्षी त्याने साध्या बर्चचा, म्हणजे इकडच्या भूर्जाचा, सरळ खुंट घेतला आणि बरोबर ईनिडच्या खांद्याच्या उंचीवर त्यावर झुकत्या फांद्यांचं कलम बांधलं. "तुला शिडी लागायला नको," म्हणाला. झाड वर गेलंच नाही, फांद्या तेवढ्या चारी बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबल्या. सहा पावलांच्या बागेला आणखी काय हवं? वॉल्टरला जाऊन आता अकरा वर्षं झाली.

दर शनिवारी ईनिड गुडघ्याखाली उशी घेऊन बसायची आणि कलमाच्या खाली खुंटाला फुटलेले कोंब अंगठ्याने पुसून काढायची. त्यातला एक जरी राहिला तरी तो वरच्या कलमाचं अन्न खाऊन सरळ आभाळात जाणार. कात्री मात्र ऑगस्ट संपेपर्यंत खिळ्यावरून उतरायची नाही. वसंतात बर्च कापलं की त्याचा रस वाहत राहतो, हे आमच्याकडे कुणालाही विचारा.

ईस्टरला ती चार दिवस बहिणीकडे स्कारबरोला गेली. परतली तर रॉडनीच्या बाजूचं अर्धं झाड गायब! दोन घरांमधल्या भिंतीच्या रेषेत, पट्टी लावून कापल्यासारखं. फांद्यांची सुतळीने बांधलेली मोळी तिच्या दारात, वर चिठ्ठी: 'आपली मालमत्ता साभार परत.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तशीच अकरा नंबरच्या दारात.

"मिस्टर पेन, ते झाड का कापलंत?"

"हद्दीबाहेर आलेलं कापायचा मला हक्क आहे. नव्या गाडीला घासत होतं."

"आणि तेही एप्रिलात?"

"कायद्यात महिना लिहिलेला नाही," तो साळसूदपणे म्हणाला. "शिवाय फांद्या परत केल्यात ना?"

तीन आठवडे कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत राहिलं. खालची फरशी सुकेना. ईनिड रोज सकाळी ती पुसायची. आणि एवढं होऊन ही बाई भिंतीवरून त्याला काय म्हणाली असेल? "मोळी छान बांधली होतीत, थँक्यू."

"अगं ईनिड, चांगलं फैलावर घे की त्याला!" मी ओरडले.

"ओरडून फांद्या परत चिकटतात का गं पोरी?"

मागच्या अंगणात तिने त्याच फांद्या रोवून त्यांवर वाटाण्याचे वेल चढवले. वाटाणा झकास आला. मला मात्र तो घशाखाली उतरेना.

उन्हाळा कोरडा गेला. उरलेल्या अर्ध्या झाडाची पानं जुलैतच पिवळी पडली आणि ऑगस्ट संपता संपता वॉल्टरचं कलम पुरतं वाळलं. ईनिडने कात्री खिळ्यावरून काढली, वाळकं डोकं स्वतःच उतरवलं आणि कात्री परत टांगली. डोळे पुसायला मात्र घरात गेली.

पुढच्या शनिवारी मी चहा घेऊन गेले तेव्हा खुंटाला वीतभर उंचीचा कोंब दिसला. हिरवागार आणि ताठ.

"ईनिड, हा राहिला बघ तुझ्या अंगठ्यातून."

"पाहिलाय मी."

तेवढ्यात भिंतीपलीकडून रॉडनी डोकावला. "अरे वा, फुटतंय की! मनात काही ठेवू नका हं. बुटकीच जात ना ही?"

"बुटकं होतं ते वरचं. माझ्या वॉल्टरचं. ते तुम्ही मारलंत," ईनिड म्हणाली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला होता. "हे खालचं साठ फूट जातं."

रॉडनीची नजर आपल्या पुढच्या खिडकीकडे गेली. तिथे ऊन येतं ते आमच्याच बाजूने.

"काळजी नको," ईनिड म्हणाली, "नाकासमोर सरळ वर जाईल. तुमची हद्द नाही ओलांडायचं."

आणि तिने अंगठा एप्रनच्या खिशात घातला.