ताटांतून काढलेले लाडू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — ते बिचारे मला सज्जन समजतच गेले. बहिणीला नाही. देवापुढं हात जोडले की पोरांची तब्येत, पाऊसपाणी, गुडघे असं सगळं बोलायची, आणि नेमकं हेच गिळायची. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मधेच "असू दे हो" म्हणून मला सोडवणार नाही.

तसं बघायला गेलं तर गोष्ट लाडवांची आहे. हसा खुशाल. मीही तीस वर्षं हसण्यावारीच नेली.

यंदा गुडघ्यांनी कढईपुढं उभं राहू दिलं नाही. मग पुण्याहून सुजातानं, माझ्या लेकीनं, दिवाळीच्या सुट्टीला दोन्ही पोरं चार दिवस आधीच शाहूपुरीत माझ्याकडं पाठवून दिली — अन्वी आठची, सम्यक पाचचा — आणि सोबत एक पाककृती. गॅस पेटवायचाच नाही! बिस्किटं लाटण्यानं कुटायची, कोको घालायचा, डब्यातलं घट्ट गोड दूध ओतायचं, गोळे वळायचे, खोबऱ्यात लोळवायचे. सम्यकनं लाडवांपेक्षा स्वतःलाच जास्त लोळवलं. कुठला लाडू लिंबाएवढा, कुठला बोराएवढा, प्रत्येकावर बोटांचे ठसे. मी पण वळत होते. मजेत होते.

तेवढ्यात अन्वी म्हणाली, "आज्जी, हे ताटात सगळ्यात वर ठेव हं. आणि शेजारच्या राजश्रीमावशीच्या हातात देऊ नकोस. ती वाटेत खाते. आई सांगते की!"

माझ्या हातातला लाडू तसाच राहिला.

काय सांगू? कुठून सांगू?

तीस वर्षांपूर्वीची मी डोळ्यांपुढं आणा. वय बत्तीस, पदर खोचलेला, नाक वर. चकलीला वेढे किती, ते मोजणारी बाई. माझ्या फराळाचं ताट गल्लीत गेलं की बायका रुमाल उचलून आधी बघत राहतात, मग खातात — अशी माझी ठाम समजूत. त्यांना दुसरा उद्योग नसावा! आज ती बाई भेटली तर झाऱ्यानंच एक टपली देईन.

सुजाता तेव्हा अन्वीएवढीच. तिला मी चुलीच्या वाऱ्याला उभी करत नसे. कारण सांगायची भाजेल म्हणून, खरं कारण माझ्या करंज्यांच्या कडा बिघडतील. मग पोरीनं आपलं आपण शोधून काढलं. ग्लुकोजची बिस्किटं खलबत्त्यात कुटली, त्यात साय, पिठीसाखर, वेलदोडा. विस्तव नाही, काही नाही. अकरा लाडू वळले. गल्लीतल्या अकरा घरांना अकरा ताटं जायची, म्हणून प्रत्येक ताटात एक. किती विचार केला होता तिनं — आणि मी काय केलं?

ती नवा फ्रॉक घालायला आत गेली, आणि मी एकेका ताटातून तिचा लाडू उचलला. अकराच्या अकरा. वाकडे दिसत होते हो माझ्या अनारशांशेजारी! वर विणलेले रुमाल झाकले, आणि लाडू तांदळाच्या डब्यात लपवले.

दहा ताटं सुजातानं पोचवली. अकरावं मगदूमवहिनींचं. भिंतीला भिंत लागून त्यांचं घर, त्यामुळं ते त्यांची लेक राजश्रीच घेऊन गेली. राजश्री म्हणजे सुजाताची सावली. शाळेत जाताना दोघींची करंगळीत करंगळी.

संध्याकाळी मी लेकीला सांगितलं, सगळ्यांनी बोटं चाटली म्हणून. तिला तेवढ्यानं पुरेना. पळत मगदूमांकडं गेली — "काकू, माझा लाडू कसा झालता?"

"कुठला गं लाडू? ताटात न्हवता की."

परत आली, म्हणाली, "काकूंच्या ताटात लाडू न्हवताच." उंबऱ्यातच उभी राहिली, माझ्याकडं बघत.

इथंच सांगता आलं असतं. नाही का? चार शब्दांचं काम होतं. रडली असती, दोन दिवस रुसली असती. पण मी मान वर न करता म्हणाले — अगदी सहज, चहात साखर घालावी तसं — "राजश्रीनं वाटेत खाल्ला असेल."

झालं. आठ वर्षांच्या मुलीला आई म्हणते तेच खरं. बाकीच्या दहा घरी तिनं विचारलंच नाही. चोर सापडला होता ना. दुसऱ्या दिवसापासून दोन मुली रस्त्याच्या दोन कडांनी शाळेला जाऊ लागल्या. राजश्री दारात येऊन हाक मारायची, सुजाता आतून यायची नाही. तिनं मला विचारलंसुद्धा, "काकू, माझं काय चुकलं?" मी तिच्या हातावर चकली ठेवली आणि म्हटलं, "तिचा अभ्यास चाललाय."

लाडवांचं काय झालं? मी खाल्ले. चार दिवस, स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून, चोरून. आणि ते चांगले होते. माझ्या बेसनाच्या लाडवांपेक्षा चांगले होते. हेही आजच कबूल करते आहे.

राजश्री कोडोलीला दिली. दर दिवाळीला माहेरी येते, आधी माझ्या पाया पडते. मी तिला तोंडभर आशीर्वाद देते. आता ते खोटं अन्वीच्या तोंडी आलं, हसतखेळत, घरातला जुना विनोद म्हणून. आणखी किती वर्षं त्या बाईला चोर म्हणवणार मी?

राजश्री कालच आली आहे. सुजाता उद्या दुपारी येईल. दोघींना माझ्या ओट्याजवळ बोलावणार आहे, पोरांनाही. मगदूमवहिनींना त्यांच्या दारात जाऊन हाक मारणार आहे. आणि सांगणार आहे: राजश्रीनं लाडू खाल्ला नाही. मी काढला, मी खाल्ला, आणि नाव तिचं घेतलं.

मग त्या बोलतील ते बोलतील. मी मधे तोंड घालणार नाही.