गोराईचा केशरी स्पंज

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत नमुने आणण्याची जबाबदारी माझी. परवानग्या, पेट्या, बर्फ, लेबलं, सगळ्याच्या याद्या मीच करते. संशोधन माझ्या मैत्रिणीचं. कॅन्सरच्या पेशीत एक प्रथिन असतं, ते पेशीला वाढत राहायला सांगत असतं. झाडाझुडपांतलं किंवा समुद्री जीवांतलं एखादं द्रव्य त्याला गप्प करतं का, हे ती तपासते.

तीन वर्षं काही सापडलं नव्हतं. मग गोराईच्या एका कोळीण मावशींनी जाळ्यात आलेला केशरी समुद्री स्पंज डब्यात भरून दिला, खाऱ्या पाण्यासकट, चिखलासकट. चाचणीच्या प्लेटमध्ये छोटे खळगे असतात. प्रथिन चालू असेल तर खळगा उजळतो. स्पंजाच्या अर्काचे सगळे खळगे काळे राहिले. आम्ही दोघी बाहेर जिन्यात जाऊन अक्षरशः नाचलो.

पुढच्या खेपेला मी मावशींना नीट लिहून दिलं: चिखल काढा, नळाच्या पाण्याने तीनदा धुवा, पिशवीत भरा, बर्फात ठेवा. स्पंज अगदी स्वच्छ आला आणि प्लेटमधला एकूण एक खळगा उजळला. तिसऱ्या खेपेलाही तेच. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी सांगितलं, आणखी एकदा बघा, नाही जमलं तर हे काम बंद. दुपारी मैत्रिणीने जेवणाचा डबाही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोरीवलीहून होडीने गोराईला गेले. म्हटलं, नमुना कसा भरतात ते डोळ्यांनी बघू. मावशी अंगणात मासळी निवडत होत्या आणि बादलीतल्या पाण्यात खळबळून टोपलीत टाकत होत्या. बादली समुद्रावरून भरून आणलेली. दारात नळ असताना एवढी ओझी कशाला, असं मी विचारलं.

"म्हावरं गोड्या पाण्यात धुतलं की त्याची चव पाण्यात जाते, बाई. तुमचा तो स्पंज तेवढा नळाखाली धुतला, तुम्ही कागदावर लिहून दिलं म्हणून. पाणी कसं केशरी झालं होतं. मला वाटलं, शिकलेली माणसं, असेल काही."

मी तिथूनच मैत्रिणीला फोन लावला. सगळं ऐकून ती एकदम हसायलाच लागली.

"नळाचं पाणी? अगं, खाऱ्या पाण्यातल्या पेशी त्या, गोड्या पाण्यात फुटल्या असणार. आपलं द्रव्य मावशींच्या मोरीत गेलं! आता एकच स्पंज आण. अर्धा धू, अर्धा नको."

मावशींनी त्या दिवशीच्या जाळ्यातला एक शोधून दिला. त्याचे दोन तुकडे केले. एक नळाखाली धुतला, दुसरा खाऱ्या पाण्यातच डब्यात भरला. प्रयोगशाळेत पोचल्यावर आधी सरांकडे गेले आणि सांगितलं, दोन खेपा माझ्या सूचनेमुळे वाया गेल्या, मैत्रिणीचं काही चुकलं नाही. ते एवढंच म्हणाले, प्लेट दाखवा.

अर्क काढून चाचणी लावेपर्यंत दोन दिवस गेले. प्लेट यंत्रात गेली तेव्हा आम्ही तिघंही उभे. पडद्यावर आकडे आले. धुतलेल्या तुकड्याचे खळगे उजळलेले, न धुतलेल्याचे काळे. मैत्रिणीने लगेच दुसरी प्लेट लावली. पुन्हा तसंच! मी दोन्ही प्लेटचे आकडे वहीत उतरवून घेतले. हे औषध नाही, अजून कितीतरी वर्षांचं काम आहे, हे मला माहीत होतं. तरी मी ते आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते.

सर खुर्ची ओढून बसले.

"यातला नेमका कोणता रेणू हे करतोय, ते शोधायला..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मैत्रिणीने फळ्यावर पुढच्या चाचण्या लिहायला सुरुवात केली होती.