डाव्या बाजूचा गंज

गाडी उलटी करायचं यंत्र घरीच बनवणार म्हटल्यावर आमच्या आळीत जो तो हसायला लागला. हसू दे मेल्यांना! साठी उलटलेल्या बाईने गुडघ्यांना तेल चोळत बसावं, नातवंडांचे फोटो बघावेत, अशी यांची अपेक्षा. "गाडीचे कबाब करायचेत काय?" असं एकाने कुंपणावरून विचारलं. "पहिली सळी तुमच्याकडेच पाठवते," मी म्हटलं. त्यानंतर तो कुंपणाकडे फिरकला नाही.

गाडी म्हणजे आप्पांची अँबॅसिडर. आप्पा, माझे वडील, डॉक्टर होते. लांजा, देवरूखपर्यंत रोगी बघायला जायचे ते हिच्यातूनच. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली, पण गाडी मागच्या मांगरात, म्हणजे परसातल्या शेडमध्ये, चार चिऱ्यांवर उभी होती ती उभीच. माझा थोरला भाऊ मुंबईला असतो. दर गणपतीला यायचा आणि विचारायचा, "अगो, ते लोखंड भंगारात कधी देत्येस?" लोखंड! ज्याने गाडी कुजवली त्यानेच तिला लोखंड म्हणावं! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दादानेच कुजवली, याबद्दल मला तसूभरही शंका नव्हती. गाडी घरात आली तेव्हा तो कॉलेजात होता, मी शाळेत. त्याला किल्ली मिळाली. मला काय मिळालं? फडकं. "मलाही शिकवा ना," म्हटलं तर आई म्हणाली, "मुलीच्या जातीला काय करायचीय गाडी?" आणि आप्पांनी पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही. चालवायची त्याने, धुवायची मी. अन्याय तो अन्यायच, आज सांगतानाही माझे कान तापतात. पण धुवायची म्हणजे मी अशी धुवायचे की विचारू नका. खाडीकडच्या अंगाला आमची विहीर. तिच्या पंपाला पाइप जोडायचा आणि रोज संध्याकाळी गाडीला न्हाऊ घालायचं. तेवढा अर्धा तास गाडी माझी असायची.

एका वर्षी शिमगा झाल्यावर दादा मित्रांना घेऊन गाडी भाट्याच्या पुळणीत घेऊन गेला. वाळूत चाकं रुतली, वर भरती आली. शेवटी कोळ्यांनी दोर लावून ओढून काढली. गाडी घरी आली ती वाळूने माखून. मला रडूच कोसळलं. दाराखाली जी लांबलचक पोकळ पेटी असते तिच्यातसुद्धा वाळू गेली होती. पावसाळा लागेपर्यंत मी रोज त्या पेटीच्या भोकात पाइप खुपसून पाणी सोडत होते. पाइप आखूड, उजव्या बाजूला पोचायचा नाही, म्हणून डाव्याच बाजूला. वाळूचा कण राहू द्यायचा नाही असा माझा पण होता.

पुढे दोन-तीन वर्षांत, देवरूखला जाताना, आईचा पाय गाडीच्या तळातून आरपार खाली गेला. पुढे डावीकडे बसली होती ती. पत्रा पापडासारखा मोडला. पायाला टाके पडले. आप्पा घरी आले ते लाल होऊन. "हे कुणाचं कर्तृत्व?" मी दादाकडे बोट दाखवलं आणि पुळणीची सगळी हकीकत सांगितली. आप्पांना तोवर कोणी सांगितलीच नव्हती, त्यांनी बघायच्या आत मी गाडी वरून धुऊन काढली होती. त्यांनी दादाकडून किल्ली काढून घेतली. "पुन्हा स्टिअरिंगला हात लावलास तर याद राख," म्हणाले. दादा एक शब्द बोलला नाही. पुढच्या वर्षी नोकरीला मुंबईला गेला. आणि आजतागायत त्याने कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगला हात लावलेला नाही. त्याची मुलं चालवतात, सूनही चालवते, हा मागे बसतो. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बरंच झालं, असंच वाटायचं.

म्हणून तर हा सगळा खटाटोप. गाडी दुरुस्त करायची होतीच, पण खरं सांगते, मला ती उलटी करून त्या पेटीतली वाळू दादाच्या पायावर ओतायची होती. एकदा तरी त्याने कबूल करावं, एवढीच माझी इच्छा होती.

आमच्याकडे खिडक्यांचे ग्रील करणारा एक वेल्डर आहे. बरीच वर्षं कुवेतला गॅरेजमध्ये होता. तो तेवढा हसला नाही. "ताई, तिथे मी असलं यंत्र बघितलंय," म्हणाला. "गाडीच्या पुढे एक घोडा, मागे एक घोडा, मधे बॉडी टांगायची आणि गोल फिरवायची. आपला रहाटच समजा." मग आम्ही रहाट बांधायला घेतला. इंजिन, चाकं, दारं, काचा, सगळं उतरवून पडवीत मांडलं. दारांच्या जागी आडवे पाइप जोडले, नाहीतर पोकळ बॉडी पिळवटली असती. घोड्यांना जाड अँगल, आणि आसाला बोअरवेलचा जुना पाइप, त्यात दुसरा बारीक पाइप. बंपरचे बोल्ट जिथे बसतात तिथे बॉडी पकडली.

पहिल्यांदा फिरवली तेव्हा गाडीने गर्रकन गिरकी घेतली आणि वेल्डर उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. वजनाचा मध्य चुकला होता. आस चार बोटं वर घेतला आणि मग काय! एका हाताने फिरायला लागली. हव्या त्या जागी थांबवायची, भोकात खिट्टी घालायची, की हलत नाही. कुंपणावरचे हसणारे आता रांगेने बघायला यायला लागले. "वा, वा!" म्हणे. आधी नाही सुचलं वा वा करायला!

डावी पेटी मात्र मी उघडू दिली नाही. दादा येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला मांगरात नेलं. खिट्टी काढली, दांडा धरला आणि गाडी कुशीवर वळवली. "बघ आता," मी म्हटलं. वेल्डरने ग्राइंडर लावून पेटीचा पत्रा कापला. आतून भसाभस पडलं ते गंजाचे पापुद्रे आणि त्यांच्यावर पांढरी पुटं. वाळू? चिमूटभरसुद्धा नाही. मी हात घालून उकरलं. नाहीच. उजवी पेटी कापायला लावली. तिच्यात मात्र ओंजळभर वाळू निघाली, आणि पत्रा? पत्रा जवळजवळ धड!

वेल्डरने पांढरं पूट बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं. "खारट," म्हणाला. "ताई, गाडी कुठल्या पाण्याने धुवायचात?"

"विहिरीच्या," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं. शिमगा झाला की आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. खाडीचं पाणी आत झिरपतं. आई त्या दिवसांत चहालासुद्धा ते घेत नसे, प्यायचं पाणी वरच्या वाडीतून आणवायची. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं, मलाही होतं. प्यायला नको एवढंच कळत होतं, गाडीचं डोक्यातच आलं नाही. आणि त्याच पाण्याचा पाइप मी सबंध उन्हाळा त्या भोकात खुपसून ठेवला होता. मनापासून, रोज. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती मी, आणि चोर होते मी स्वतः.

"दादा," मी म्हटलं.

तो पेटीकडे बघत होता. "मला ठाऊक होतं," म्हणाला. "काचेवर पांढरे डाग पडायचे. एकदा चाटून बघितलं होतं."

"मग तोंड शिवलं होतं का तुझं, मेल्या!" मी किंचाळलेच. "आप्पांसमोर गप्प राहिलास! इतकी वर्षं मी तुला शिव्या घालत्ये, आणि तू गप्प!"

"सांगितलं असतं तर त्यांनी तुझ्या हातातला पाइप काढून घेतला असता," तो म्हणाला. "तुझ्याकडे तेवढंच तर होतं."

वेल्डर ग्राइंडरची वायर गुंडाळत बाहेर निघून गेला. मी आत गेले आणि देवघराच्या खणातून किल्ली आणली. आप्पांच्या मागे ती माझ्याकडेच होती, पण तिने काही सुरू करायची माझी कधी छाती झाली नाही. ती मी दादाच्या हातावर ठेवली. रडत होते, आणि तोंडाने त्याला बोल लावणंही चालूच होतं. दुसरं काय येतं मला?

त्याने किल्ली उलटीपालटी करून बघितली आणि परत माझ्या मुठीत कोंबली. "आता मला कुठे धड दिसतं," म्हणाला. "गाडी झाली की तू शीक. धुवायला मी येईन."

"कुठल्या पाण्याने?" मी विचारलं.

"वरच्या वाडीतल्या," दादा म्हणाला. "डोक्यावरून आणीन."