वळणमामांचे फॉन्ट

छापखान्यात त्यांना सगळे वळणमामा म्हणत. स्वभावात सरळपणा नावालाही नव्हता, पण अक्षराचं वळण असं की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. उभा जन्म त्यांनी फॉन्ट काढण्यात घालवला. बायको अंथरुणाला खिळलेली, आणि हे महाशय संगणकासमोर 'क'चं पोट गोल करत बसलेले! ती गेल्यावर तिच्या नावाचा फॉन्ट काढला. त्यापेक्षा जिवंतपणी तिच्याशी चार शब्द गोड बोलले असते तर?

आता नजर अधू झाली, हात कापायला लागले. नवं काही होणं नव्हतं. होतं नव्हतं ते सगळं एका फोल्डरमध्ये, आणि छापखान्यातली नवी यंत्रं त्या जुन्या फायलींना दारात उभं करेनात. म्हणून मालकांच्या सूनबाईंनी स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, लिहिली. ती प्रत्येक फाइल नव्या प्रकारात बदलणार, फाइलच्या आत नोंदलेलं नाव वाचून तेच बाहेर लावणार आणि जुनी फाइल पुसून टाकणार.

"आतली नावं नीट आहेत ना, मामा?"

"पोरी, तू रांगत होतीस तेव्हापासून फॉन्ट करतोय मी. चालव तुझं ते!"

नाकावर माशी बसू देतील तर शपथ! खरं तर मामा नवा फॉन्ट कधीच शून्यातून करत नसत. तरुणपणी बाजारातून आणलेल्या एका फॉन्टची प्रत काढायची, त्यातलं एकेक अक्षर पुसून तिथं आपलं बसवायचं आणि फाइलला वरून नाव द्यायचं. आतलं नाव बदलत कोण बसतंय?

स्क्रिप्ट सुरू झाली. पडद्यावर नावं सरकू लागली. आईचं, बायकोचं, लेकीचं. मामा मोठ्यानं वाचत होते, डोळे भरून आले होते. सूनबाईंनी फोल्डर उघडला. आत एकच फाइल होती.

"बाकीचे कुठं गेले गं?"

सूनबाईंनी घाईघाईनं नोंदी तपासल्या. सगळ्यांचं आतलं नाव एकच निघालं होतं. नवी फाइल आली की त्याच नावाची आधीची पुसली जात होती.

"मामा, दुसरीकडे प्रती असतील ना?"

बैल गेला आणि झोपा केला! जुना संगणक केव्हाच भंगारात गेला होता. "माझी बायको गेली गं!" म्हणत मामा लहान पोरासारखे ढसाढसा रडले.

आवाज ऐकून मालक धावत आले. उरलेली फाइल त्यांनीच उघडली. यादीत सर्वांत शेवटी होता तो बाजारातला फॉन्ट, कुणा परक्याच्या हातचा. तोच तेवढा वाचला होता.

"अहो मामा, रडताय काय? तुमचा सगळ्यात देखणा फॉन्ट शाबूत आहे की! काय हात आहे हो तुमचा!"

सगळा छापखाना पडद्याभोवती जमला. कुणी वा म्हणालं, कुणी टाळ्या वाजवल्या. मामांनी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, बाहीनं नाक पुसलं.

"हो," ते म्हणाले, "याच्यावर फार मेहनत घेतली होती मी."